'जातो' की 'जाते': पुण्यातल्या एका समुपदेशन केंद्राबद्दल

केंद्राचं नाव लिहीत नाही, आधीच सांगतो. एक तर तिथल्या मॅडमकडं आत्ताच तीन आठवड्यांची वेटिंग आहे. दुसरं म्हणजे खाली एक तक्रार येणार आहे. ती त्यांना तोंडावर सांगून झालीय, गावभर करायची नाही.

घर कोल्हापुरात, वय २२. दोन वर्षं झाली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेचा अभ्यास चाललाय. मुलींच्या रूमवर. आणि तरी मी 'सांगतो' लिहितोय हे वाचून पुणेकर थबकतील, कोल्हापूरकर पुढं वाचत जातील. आमच्याकडं बायका-पोरी सर्रास 'मी जातो', 'मी जेवलो' म्हणतात. आजी म्हणते, शेजारच्या वहिनी म्हणतात. त्यामुळं वीस वर्षं माझ्या बोलण्यात काही वेगळं आहे हे कुणाच्या कानाला खटकलं नाही. माझ्याही नाही. पुण्यात पहिल्याच आठवड्यात मेसच्या काकू म्हणाल्या, "जातो काय गं, जाते म्हण." म्हणून बघितलं. जमेना. रूममेट कोल्हापूरचीच, ती पंधरा दिवसांत 'जाते-येते'वर आली. मी सहा महिने 'जायचंय', 'निघायचंय' असलं काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

गेल्या दिवाळीत आईला अर्धंमुर्धं सांगितलं. ती रडली आणि तिसऱ्या दिवशी एका नावाजलेल्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. वीस मिनिटांतली अठरा मिनिटं ते आईशीच बोलले. "हार्मोनचं असतं. लग्न झालं की येतं ताळ्यावर." झोपेच्या गोळ्या, सोनोग्राफीची चिठ्ठी, फी आठशे. ती चिठ्ठी सध्या माझ्या राज्यघटनेच्या नोट्समध्ये खूण म्हणून आहे, मूलभूत हक्कांच्या पानावर.

अभ्यासाची सवय वाईट. परत आल्यावर अभ्यासिकेत बसून तारखा काढल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली १७ मे १९९० ला. स्वतःचं लिंगभान शरीराशी न जुळणं हे त्यांच्या आयसीडी-११ या यादीत मानसिक विकारांच्या प्रकरणात उरलेलंच नाही, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. समलैंगिकता हा आजार नाही असं आपल्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं २०१८ मध्ये जाहीर सांगितलं. आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं की असं 'बदलून देण्याचे' उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. चार तारखा, पूर्वपरीक्षेला जोड्या लावा म्हणून आरामात येतील. डॉक्टर नापास झाले असते.

तारखांनी झोप मात्र येत नाही. एका रात्री पावणेबाराला गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं बसून १४४१६ ला फोन लावला. टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी, फुकट, चोवीस तास. मराठीत बोलता आलं. मी काय बोललो ते नीट आठवत नाही, पलीकडच्या बाईंनी मध्ये तोडलं नाही एवढं आठवतं. शेवटी म्हणाल्या, एखाद्या समुपदेशकाकडं नियमित जाता येईल का बघा. खाली आलो तेव्हा पायात मुंग्या आल्या होत्या.

मग शोधाशोध. पाच-सहा ठिकाणी फोन केला आणि प्रत्येक ठिकाणी तेच तीन प्रश्न विचारले. घरी सांगणार का? या विषयाचं शिक्षण घेतलंय का, कुठं? आणि मी कोण आहे ते तुम्ही ठरवणार का? एका ठिकाणी तिसऱ्या प्रश्नाला "हो हो, टेस्ट असते त्याची" असं उत्तर मिळालं. ठेवला फोन. इथल्या मॅडमनी तिन्हीची उत्तरं दिली. जिवाला धोका दिसला तरच कुणाला सांगावं लागतं, एरवी गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे. शिक्षण एमएचं, वर मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या संस्थेचा क्विअर अफर्मेटिव्ह समुपदेशनाचा कोर्स, म्हणजे समलिंगी, ट्रान्स माणसांना बदलायला न जाता आहे तसं धरून बोलायचं. तिसऱ्यावर हसल्या. "मला कसं कळणार? तुम्ही या, बघू."

जागा डेक्कनजवळच्या एका गल्लीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. खाली दातांचा दवाखाना. त्याचीच पाटी रस्त्यावरून दिसते, हिची दिसत नाही. हे मुद्दाम केलंय की कसं माहीत नाही, पण बरं पडतं. मी रूमवर सांगितलं, दाताला जातोय.

पहिल्यांदा फॉर्म भरायला दिला. 'लिंग' पुढं रकाने नव्हते, नुसती रेघ होती. अर्ज भरण्यातच आयुष्य चाललेल्या माणसाला ती रेघ म्हणजे काय ते विचारा. आपल्या पोलिस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय यावा म्हणून २०२२ साली आधी मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण), मग उच्च न्यायालय एवढी मजल मारावी लागली होती. मी रेघेवर काहीच लिहिलं नाही. कुणी विचारलं नाही. खाली दोन प्रश्न होते: 'आम्ही कोणत्या नावानं हाक मारू?' आणि 'घरच्यांसमोर कोणत्या नावानं?' हे दोन वेगळे असू शकतात हे छापील कागदावर पहिल्यांदा बघितलं.

पहिली दोन सेशन मी अभ्यास, मेसचं जेवण, बाबांची बदली असलंच बोलत बसलो. तिसऱ्यात मॅडमनी वही मिटली आणि विचारलं, "तुम्ही मघापासून 'आलो', 'गेलो' म्हणताय. हा कोल्हापूरचा 'गेलो' आहे, की तुमचा?"

मी खिडकीकडं बघत बसलो. खाली दातवाल्याचं ड्रिल चालू होतं. उत्तर दिलं नाही. त्यांनीही रेटलं नाही. पंचेचाळीस मिनिटांतली दहा मिनिटं तशीच गेली आणि फी पूर्ण घेतली, आणि तरी मला ते सेशन सगळ्यात स्वस्त पडलं.

घरी जाताना एक काम दिलं. आठवडाभर डायरीचं एक पान 'जातो' मध्ये, एक पान 'जाते' मध्ये. बरोबर-चूक काही नाही, लिहिताना अंगाला कसं वाटतं तेवढं बघायचं. 'जाते'ची पानं चार ओळींत संपायची. 'जातो'ची मागच्या बाजूला जायची. हे मी त्यांना निकाल लागल्यासारखं सांगितलं, तर म्हणाल्या, "छान. अजून थोडे दिवस बघू." मला राग आला. मला उत्तरतालिका पाहिजे होती. आज चार महिन्यांनी वाटतं, तेव्हा त्यांनी एखादा शब्द चिकटवून दिला असता तर तोही मी 'जाते'सारखाच तोंडात घोळवत बसलो असतो.

अजून एक गुंता होता. अभ्यासिकेत समोरच्या टेबलावर एक मुलगी बसते. तिचं पेन पडलं की माझं लक्ष जातं. मी धरून चाललो होतो की त्यावरूनच बाकीचं ठरतं. मॅडमनी सांगितलं, मी कोण आणि मला कोण आवडतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी लिहायचं नाही. पूर्वपरीक्षेचे दोन पेपर असतात तसं, सामान्य अध्ययन वेगळं, सीसॅट वेगळा. ही उपमा माझी, त्यांनी मान्य केली.

आता तक्रार. फॉर्मवर तातडीचा नंबर म्हणून मी कोथरूडच्या मावशीचा दिला होता. एकदा माझा फोन बंद होता, तर रिसेप्शनवरच्या नव्या मुलीनं सरळ मावशीला फोन लावून "उद्याची वेळ बदललीय" म्हणून सांगितलं. मावशीचा लगेच मला मेसेज: कसली वेळ? दातांची, म्हटलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या वेळी मी चढ्या आवाजात बोललो. मॅडमनी सारवासारव न करता माफी मागितली आणि माझ्यासमोर फॉर्ममध्ये ओळ वाढवली: 'हा नंबर फक्त जिवावर बेतलं तरच.' पण ही ओळ आधीपासून पाहिजे होती. माझ्याजागी कुणी अजून लहान, अजून घाबरलेलं असतं तर परत आलं नसतं. याचा एक तारा कापला.

बाकी किरकोळ. वेळ रद्द करायची तर चोवीस तास आधी, नाहीतर पूर्ण फी. अठरा पूर्ण नसतील तर पालकांची सही मागतात, म्हणजे ज्यांना जास्त गरज त्यांचीच अडचण. बाहेर बसायच्या जागेत सगळी माहितीपत्रकं इंग्रजीत. पुण्यातच २००२ मध्ये समलिंगी, ट्रान्स लोकांसाठी समपथिक ट्रस्ट सुरू करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिलीत, त्यातली चार टेबलावर ठेवायला काय जातंय? हे सांगितलंय. अजून ठेवली नाहीत.

फी बाराशे, विद्यार्थ्यांना पाचशे, आणि त्यासाठी कुठलाही दाखला मागत नाहीत. मेसचा एक वेळचा डबा बंद करून जमवतो. ऑनलाइनही आहे, पण कॉट बेसिसवाल्यांनी त्या नादी लागू नये. भिंतीपलीकडं कोण जागं आहे सांगता येत नाही, आणि गच्चीवर रेंज जाते.

पाचपैकी चार.

गुरुवारी पुढची वेळ आहे. काल मावशीनं फोनवर विचारलं, "अरे, किती दिवस चालायचं तुझं रूट कॅनाल?" ती मला 'अरे' म्हणाली. चुकून असेल, ती सगळ्यांनाच म्हणते. मी म्हटलं, अजून दोन-तीन महिने तरी.