फाल्को: चालू कंटेनरांवरचा पहारा कितपत भरवशाचा?

कुबरनेटिस, म्हणजे अनेक मशिनांवर कंटेनर (ॲप्लिकेशनचे बंदिस्त डबे) चालवणारी यंत्रणा, वापरताना हा अनुभव येतो: इमेज (कंटेनरचा साचा) स्कॅन करून झाली, त्रुटींची यादी शून्यावर आली, पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) चालू झाला. त्यानंतर त्या कंटेनरात कोण काय करतं हे स्कॅनरला दिसत नाही. ॲप्लिकेशनमधल्या एखाद्या भोकातून कुणी आत शिरलं, शेल (कमांड देण्याची खिडकी) उघडलं, बाहेरून बायनरी (तयार प्रोग्राम) ओढून चालवली, तर ते टिपणारं साधन वेगळं लागतं. फाल्को ते काम करतं आणि चांगलं करतं. पण बसवलं की झालं, असं समजून सोडून द्यायचं हे साधन नाही. पहिले दोन आठवडे त्याच्याकडे नीट लक्ष द्यायची तयारी असेल तरच ते घ्यावं.

सिसडिग कंपनीने २०१६ मध्ये फाल्को बाहेर काढलं, २०१८ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनच्या हवाली केलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये फाउंडेशनने त्याला ग्रॅज्युएटेड (सर्वांत वरचा) दर्जा दिला. लायसन्स अपाचे २.० आहे, त्यामुळे पैशाचा प्रश्न येत नाही. कामाची पद्धत सरळ आहे. कंटेनरातली प्रत्येक प्रक्रिया फाइल उघडायला, नेटवर्कवर बोलायला किंवा नवा प्रोग्राम चालवायला कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, सिस्टिम कॉल (विनंती) करते. फाल्को नोडच्या (कंटेनर चालवणाऱ्या मशिनच्या) कर्नलमध्ये बसून हे कॉल वाचतं, नियमांशी ताडून बघतं आणि जुळलं की अलर्ट देतं. कंटेनरात काही घालावं लागत नाही, ॲप्लिकेशनच्या कोडला हात लागत नाही.

हेल्म चार्टने (कुबरनेटिसवर सॉफ्टवेअर बसवायच्या तयार आराखड्याने) ते डीमनसेट म्हणून बसतं, म्हणजे प्रत्येक नोडवर एक पॉड. हे दहा मिनिटांचं काम आहे, पण ड्रायव्हर (कर्नलमधून कॉल वाचणारा भाग) निवडताना घाई करू नये. चार्टमध्ये ड्रायव्हरची किंमत 'ऑटो' असते. मॉडर्न ईबीपीएफ (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम सुरक्षितपणे चालवायची सोय) चालत असेल तर ते घेतलं जातं, नाहीतर कर्नल मॉड्यूलकडे (कर्नलमध्ये घालायच्या जोडतुकड्याकडे) वळलं जातं. मॉडर्न ईबीपीएफला साधारण ५.८ किंवा त्यापुढचा कर्नल आणि त्यात बीटीएफ माहिती (कर्नलच्या रचनेचं वर्णन) लागते. ती असली की ड्रायव्हर फाल्कोच्या बायनरीतच असतो, वेगळं काही डाउनलोड किंवा कंपाइल करावं लागत नाही. सगळे नोड नव्या कर्नलवर असतील तर 'ऑटो' न ठेवता थेट मॉडर्न ईबीपीएफ लिहून टाकावं. कर्नल मॉड्यूलच्या वाटेने गेलात तर नेमक्या कर्नल आवृत्तीचा तयार ड्रायव्हर मिळावा लागतो किंवा हेडर फाइली वापरून तिथल्या तिथे बांधावा लागतो. रात्री नोडचा कर्नल आपोआप अपग्रेड होतो, जुळणारा ड्रायव्हर मिळत नाही आणि सकाळी फाल्कोचा पॉड इनिट कंटेनरपाशीच (सुरुवातीच्या तयारीच्या टप्प्यातच) अडकलेला दिसतो. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेतच नाही.

बसवताना आणखी तीन गोष्टी हमखास नडतात. नेमस्पेसवर (कुबरनेटिसमधल्या एका कप्प्यावर) पॉड सिक्युरिटीचा 'रिस्ट्रिक्टेड' (सर्वांत कडक) स्तर लावलेला असेल तर फाल्कोचे पॉड तयारच होत नाहीत. हेल्म मात्र यशस्वी झाल्याचं सांगतं, आणि खरं कारण फक्त डीमनसेटच्या इव्हेंट्समध्ये दिसतं. फाल्कोसाठी वेगळी नेमस्पेस करून तिला 'प्रिव्हिलेज्ड' लेबल द्यावं. दुसरं म्हणजे टेंट, म्हणजे मुभा नसलेल्या पॉडांना नोडवर येऊ न देणारी खूण. कंट्रोल प्लेनच्या (क्लस्टरचा, म्हणजे सगळ्या नोडांच्या समूहाचा, कारभार चालवणाऱ्या नोडांच्या) टेंटसाठी टॉलरेशन (तशी मुभा) चार्टमध्ये असतं, पण जीपीयू नोडवर किंवा खास कामाच्या नोडवर तुम्ही स्वतः लावलेले टेंट फाल्कोला माहीत नसतात. ते नोड पहाऱ्याविना राहतात आणि कुठेही लाल दिवा लागत नाही. नोडांची संख्या आणि फाल्कोच्या चालू पॉडांची संख्या जुळते का, एवढं मोजून बघावं. तिसरं, टीटीवायचा (टर्मिनल जोडल्यासारखं आउटपुट लगेच देण्याचा) पर्याय चालू करावा. नाहीतर अलर्ट बफरमध्ये साचून उशिरा लॉगमध्ये येतात आणि फाल्को चालतच नाही असा समज होतो.

आता चाचणी. साध्या वेबसर्व्हरच्या पॉडमध्ये कुबसीटीएल एक्झेकने (चालू कंटेनरात कमांड चालवणाऱ्या आज्ञेने) शिरा आणि इटीसी फोल्डरातली शॅडो फाइल (पासवर्डांचे हॅश ठेवणारी) वाचा. संवेदनशील फाइल भरवशाच्या यादीबाहेरच्या प्रोग्रामने वाचल्याचा 'वॉर्निंग' पातळीचा अलर्ट त्या नोडवरच्या फाल्कोच्या लॉगमध्ये लगेच येतो. त्या ओळीत फाइलचं नाव, प्रक्रिया, तिची पालक प्रक्रिया, पूर्ण कमांड, वापरकर्ता, कंटेनर, इमेज, पॉड, नेमस्पेस असं सगळं असतं. पालक प्रक्रियेकडे आधी बघायची सवय लावावी. शेलचा पालक वेबसर्व्हर असेल तर प्रकरण गंभीर आहे. एक्झेकमधून आलेलं असेल तर बहुधा आपल्याच माणसाने डीबगिंग केलेलं असतं. पॉड आणि इमेजच्या जागी नुसतं 'एनए' दिसलं, तर फाल्कोला कंटेनर रनटाइमचा (कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रामचा) सॉकेट, म्हणजे त्याच्याशी बोलायची जागा, सापडलेला नाही. के३एससारख्या (कुबरनेटिसच्या हलक्या) वितरणात कंटेनरडी या रनटाइमचा सॉकेट नेहमीच्या जागी नसतो, तो मार्ग चार्टमध्ये आधीच नसेल तर द्यावा लागतो. त्याशिवाय अलर्ट कोणत्या कंटेनरातला हेच कळत नाही.

याच चाचणीत एक गोष्ट मुद्दाम करून बघण्यासारखी आहे. एक्झेक टर्मिनलसह केलंत तर कंटेनरात शेल उघडल्याचा 'नोटिस' पातळीचा अलर्ट येतो. टर्मिनलचा पर्याय न देता तीच कमांड चालवा, तो येत नाही. नियमाच्या अटीतच टर्मिनल जोडलेलं असावं असं लिहिलं आहे. अट मुद्दाम घातली आहे, कारण ती नसती तर प्रत्येक स्टार्टअप स्क्रिप्ट आणि हेल्थ चेक अलर्ट देत बसला असता. पण म्हणून या एका नियमावर विसंबू नये. घुसखोराचं शेल पुष्कळदा टर्मिनलविना चालतं, आणि ते पकडायला दुसरे नियम आहेत: शेलचं इनपुट-आउटपुट नेटवर्क जोडणीकडे वळवलेलं टिपणारा, मूळ इमेजमध्ये नसलेली बायनरी टाकून चालवलेली टिपणारा, फक्त मेमरीतून प्रोग्राम चालवलेला टिपणारा. आमच्या मते मूळ इमेजमध्ये नसलेल्या बायनरीचा नियम सगळ्यांत मोलाचा. कंटेनर नीट बांधलेला असेल तर चालू असताना त्यात नवी बायनरी येऊन चालायचं काही कारणच नसतं, त्यामुळे खोटे अलर्ट कमी आणि खरा अलर्ट वजनदार.

सुरुवातीला फक्त 'स्टेबल' गटातले नियम चालू असतात, आणि तेवढेच पुरेसे आहेत. 'इनक्युबेटिंग' आणि 'सँडबॉक्स' गटांच्या वेगळ्या फाइली आहेत. पहिल्याच दिवशी त्या जोडल्या तर अलर्टांचा पूर येईल आणि दोन दिवसांत कुणी ते वाचणार नाही.

स्टेबल नियमांमध्येही गलका होतोच. नेहमीचं उदाहरण म्हणजे कंटेनरातून कुबरनेटिसच्या एपीआय सर्व्हरशी (क्लस्टरसाठीच्या आज्ञा घेणाऱ्या सर्व्हरशी) संपर्क झाल्याचा नियम. ऑपरेटर, कंट्रोलर, मेट्रिक्स गोळा करणारे पॉड यांचं कामच एपीआय सर्व्हरशी बोलण्याचं असतं. अशा ओळखीच्या कामांसाठी नियमात एक रिकामा मॅक्रो (नाव दिलेली अट) ठेवलेला आहे, अपवाद तिथे भरायचे. अपवाद लिहिताना प्रक्रियेच्या नावावर कधीही थांबू नये. घुसखोर आपल्या बायनरीला हवं ते नाव देऊ शकतो. इमेजची पूर्ण रिपॉझिटरी आणि नेमस्पेस, दोन्ही एकत्र द्यावेत. मॅक्रोऐवजी दोन-तीन अपवाद थेट नियमाच्या अटीत 'किंवा'ने जोडताना त्या सगळ्यांभोवती एकच कंस घालणं विसरू नये. कंस सुटला तर 'आणि नाही' हे फक्त पहिल्या अपवादाला लागतं, आणि पुढच्या अपवादांत बसणारी प्रत्येक घटना उलट अलर्ट देऊ लागते.

नियमांची मूळ फाइल बदलू नका. चार्टमध्ये स्वतःचे नियम द्यायची वेगळी जागा आहे आणि त्या फाइली मूळ नियमांनंतर वाचल्या जातात. मूळ नियमात भर घालायची असेल तर 'ओव्हरराइड'मध्ये 'अपेंड' लिहावं. ते न लिहिता त्याच नावाचा नियम दिला तर जुना पूर्ण पुसला जातो. शिवाय फाल्कोसीटीएल हे सोबतचं साधन नियमांच्या नव्या आवृत्त्या आपोआप आणू शकतं. प्रॉडक्शनमध्ये आवृत्ती ठरवून बांधून ठेवावी आणि नवी आधी चाचणी क्लस्टरवर बघावी. काल शांत असलेला नियम आज का बोलतो, हे शोधण्यात दिवस जातो.

सगळ्यांत धोकादायक बाब म्हणजे गळालेले कॉल. नोडवर कामाचा भार वाढला की कर्नलमधून येणारे कॉल बफरमध्ये मावत नाहीत आणि काही सुटतात. सुटलेल्यांत घुसखोराचाही एखादा असू शकतो. फाल्को तशी सूचना देतं, पण ती 'डीबग' (सर्वांत खालच्या) पातळीवर येते. अलर्ट पुढे पाठवताना किमान पातळी 'वॉर्निंग' ठेवली असेल, आणि बहुतेक ठिकाणी तशीच असते, तर ही सूचना कुणापर्यंत पोचत नाही. त्यामुळे गळतीचा आकडा प्रोमिथियसमध्ये (आकडे गोळा करणाऱ्या साधनात) घेऊन त्यावर वेगळा अलार्म लावणं आम्ही अनिवार्य मानतो. गळती दिसली तर बफरची पूर्वनिश्चित पायरी ४ वरून ५ वर न्यावी, म्हणजे ८ एमबीचा बफर १६ एमबी होतो. मॉडर्न ईबीपीएफमध्ये सहसा दर दोन सीपीयूंमागे एक बफर असतो, म्हणजे १६ सीपीयूंच्या नोडवर आठ बफर. ६४ एमबीचे १२८ एमबी होतील हे धरून मेमरीची मर्यादा वाढवावी. तरीही गळती थांबली नाही तर बफर फुगवत बसण्यापेक्षा फाल्को कोणते सिस्टिम कॉल ऐकतं ती यादी आटोपशीर करावी.

अलर्ट मुळात फक्त लॉगमध्ये लिहिले जातात. चॅट, ईमेल किंवा लॉग गोळा करणाऱ्या यंत्रणेकडे पाठवायला फाल्को साइडकिक हे जोडसाधन लागतं. चार्टमध्ये एक पर्याय चालू केला की तेही येतं आणि २८०१ पोर्टवर ऐकू लागतं. चॅटवर फक्त 'क्रिटिकल' आणि त्यावरचे, साठवणीत सगळे, अशी विभागणी चांगली चालते. साठवण क्लस्टरबाहेर हवी, कारण नोड हातात आलेला माणूस त्यावरचे लॉगही पुसू शकतो.

फाल्कोला काय दिसत नाही हे घेण्याआधी माहीत असावं. ॲमेझॉनच्या फार्गेटसारख्या सेवेत नोड आपल्या ताब्यात नसतो, डीमनसेट चालत नाही, म्हणून कर्नलवरचा पहाराही नाही. विंडोज नोड बाहेरच राहतात. एखाद्याने चोरलेल्या टोकनने (ओळखपत्राने) सिक्रेट (क्लस्टरमध्ये ठेवलेला पासवर्ड वगैरे) वाचलं किंवा स्वतःला क्लस्टर ॲडमिन केलं, तर ते एपीआय सर्व्हरपाशी घडतं, नोडच्या सिस्टिम कॉलमध्ये त्याचा माग लागत नाही. त्यासाठी ऑडिट लॉगचं (एपीआय सर्व्हरच्या नोंदींचं) प्लगिन स्वतंत्र डिप्लॉयमेंट म्हणून एकाच प्रतीत चालवावं लागतं. आणि फाल्को अडवत नाही, फक्त सांगतं. पॉड मारणं, नेटवर्क तोडणं अशा प्रतिसादासाठी फाल्को टॅलॉन जोडता येतं. कॉल घडण्याआधीच रोखायचा असेल तर सेककॉम्पच्या (सिस्टिम कॉल मर्यादित करणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) प्रोफाइल किंवा टेट्रागॉन या दुसऱ्या साधनाकडे जावं. आम्ही टॅलॉन सुरुवातीला फक्त पॉडला लेबल लावण्यापुरतं वापरण्याचा सल्ला देऊ. अपवाद नीट बसायच्या आत पॉड मारायची मुभा दिली तर खोट्या अलर्टवर चालू सेवा बंद पडेल, आणि तपासासाठी हवा असलेला पुरावाही पॉडबरोबर जाईल.

ज्यांचे नोड स्वतःच्या ताब्यात आहेत, कर्नल नवा आहे आणि अलर्ट वाचायला रोज एक जबाबदार माणूस आहे, त्यांनी फाल्को जरूर घ्यावं. या कामासाठी इतकं मोकळं, हवं तसं वळवता येणारं आणि फुकट साधन दुसरं सुचवता येत नाही. वाचणारा माणूस नसेल तर पैसे देऊन सांभाळलेली सेवा घ्यावी. आणि घेतल्यावर प्रत्येक कर्नल अपग्रेडनंतर, प्रत्येक नव्या नोड पूलनंतर शॅडो फाइलची चाचणी पुन्हा करावी. इव्हेंट जनरेटर नावाचं त्यांचंच साधन अशा बऱ्याच कृती एकामागून एक करून दाखवतं, मात्र त्यातल्या काही कृती खरोखरच फाइली बदलतात, म्हणून ते फेकून देता येईल अशा पॉडमध्येच चालवावं.