गळा आहे, वाट कोणती? झाडीपट्टीचा रंगमंच आणि गांधर्वच्या परीक्षा

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या पट्ट्यात, म्हणजेच झाडीपट्टीत, गळा असलेल्या मुलामुलींची वाण नाही. सामुदायिक प्रार्थनेत किंवा खंजेरी भजनात गाता गाता एखाद्या पोराचा आवाज वेगळा असल्याचे गावाच्या ध्यानात येते आणि घरात प्रश्न उभा राहतो: याला नाटकात धाडायचे की गाण्याच्या परीक्षांना बसवायचे? शेतीत घरच्यांना हातभार लावणाऱ्या अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी मी या दोन वाटा एकाच कसोटीवर ताडून पाहिल्या आहेत. वर्षभरात गाठता येईल आणि गाठले की नाही हे स्वतःला कळेल, असे लक्ष्य त्या वाटेवर ठरवता येते का, ही ती कसोटी.

परीक्षांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमध्ये प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आहेत. दरवर्षी एक पायरी धरली तरी सात वर्षे लागतात, हे आधीच माहीत असल्यामुळे घरचे लोक घाई करीत नाहीत. कोणत्या रागातील बंदिश म्हणायची, कोणत्या तालाचे बोल टाळी-खाली दाखवून म्हणायचे, हे अभ्यासक्रमात लिहिलेले असते. उणीव एवढीच, की समोर परीक्षक असतो, प्रेक्षक नसतो. मांडवातल्या गर्दीपुढे उभे राहण्याचे धैर्य या वाटेवर आपोआप येत नाही.

रंगमंचाची गोष्ट वेगळी आहे. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावोगावच्या जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज-वडशाची नाट्यमंडळे होळीच्या सुमारापर्यंत गावोगाव फिरतात. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते, नट स्वतः गातात आणि हजारो लोक थंडीत शाल गुंडाळून बसून राहतात. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यापासून या रंगभूमीकडे पाहण्याची दृष्टी बदलली, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु येथे पायऱ्या आखून दिलेल्या नाहीत. भूमिका कोणाला द्यायची हे निर्माता आणि दिग्दर्शक ठरवतात, त्यामुळे ‘यंदा मुख्य भूमिका मिळवीन’ हे लक्ष्य मुळातच आपल्या हातातले नसते.

माझ्या भाचीने नेमके तेच ठरवले होते. पहिल्या हंगामात तिला छोटी भूमिका आणि एक द्वंद्वगीत मिळाले. सोबतचा नट काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गाणारा, म्हणून पेटीही त्याच पट्टीत लागली आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या हिचा आवाज खालच्या सुरांपर्यंत पोहोचेना. जोर लावून लावून जानेवारीतच तिचा घसा बसला आणि आपल्याला गाता येत नाही, असे तिने मनाशी धरले. हंगाम संपल्यावर आम्ही वहीत दुसरे लक्ष्य लिहिले: दिवाळीच्या आत मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, न थरथरता टिकवायचा. त्यासाठी रोज पहाटे मोबाइलवरच्या तानपुऱ्यासोबत वीस मिनिटे खर्जाचा रियाज ठरला. रोवणीच्या दिवसांत आम्ही विसाची दहा मिनिटे केली, कारण दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून आलेल्या मुलीकडून अधिक मागणे म्हणजे रियाज मोडण्याची तयारी करणे होय. दर पंधरवड्याला तेच पद मोबाइलवर रेकॉर्ड करून आधीच्याशी ताडून पाहायचो. पुढच्या हंगामातही मुख्य भूमिका मिळाली नाही. मात्र ‘पट्टी काळी एकवरून पांढरी दोन करा, दोघांनाही झेपेल,’ हे तिने पहिल्याच तालमीत पेटीवाल्या काकांना सांगितले आणि त्यांनी ते ऐकले.

निवड करताना बहुतेकांच्या लक्षात न येणारी बाब म्हणजे दिनदर्शिका. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. नोव्हेंबरचे सत्र धानाची कापणी-मळणी आणि नाटकांची सुरुवात या दोन्हींच्या ऐन धांदलीत येते. दोन्ही वाटा एकदम धरणाऱ्या मुलांची ओढाताण होते ती याच सत्रात. उन्हाळ्याचे सत्र धरले, तर होळीनंतरचे आठवडे तयारीसाठी मोकळे मिळतात.

माझे मत स्पष्ट आहे. जवळच्या गावात सायकलने किंवा एसटीने जाऊन आठवड्यातून दोनदा शिकता येईल असे गुरुजी असतील, तर प्रवेशिका पूर्ण या तिसऱ्या पायरीपर्यंतची तीन वर्षे आधी परीक्षांना द्यावीत आणि त्या काळात आपल्या गावच्या मंडईतील एखाद्या नाटकापुरतेच रंगमंचावर जावे. ज्यांची खरी ओढ अभिनयाकडे आहे आणि गाणे त्याला पूरक आहे, त्यांनी तीन वर्षे थांबू नये. जेथे आसपास शिकवणारे कोणीच नाही, तेथे तर नाटकाची तालीम हीच शाळा होय. अशा मुलांनी भूमिकेचा आकार न पाहता, पेटीवाले आणि तबलजी नवख्याला वेळ देतात अशा मंडळाची निवड करावी, आणि होकार देण्यापूर्वी त्यांच्या एका तालमीत संध्याकाळपासून शेवटपर्यंत बसून यावे.