मुदतीचा करार की कायमचे स्थलांतर?
गरीब देशात त्याच कामाची मजुरी कितीतरी कमी असल्याने माणसे बाहेर पडतात; प्रश्न उरतो तो अटींचा. मुदतीच्या करारावर माणसे नेणाऱ्या आखातातील पारंपरिक कफाला पद्धतीत कामगाराचा राहण्याचा परवाना मालकाच्या हाती असतो, त्यामुळे पगार थकला तरी नोकरी सोडणे अवघड जाते. मात्र कुटुंब मागेच राहत असल्याने मिळकतीचा मोठा हिस्सा घरी पोचतो. कॅनडाची १९६७ पासूनची गुणांकन पद्धत शिक्षण पाहून स्थायिक होऊ देते, पण त्यात मायदेश डॉक्टर गमावतो. अकुशल मजुराला हा दुसरा दरवाजा बहुधा बंदच असतो, म्हणजे निवड त्याची नसतेच. शिवाय मुदत पाळली जातेच असेही नाही: १९६१ च्या कामगारभरती करारानंतर पश्चिम जर्मनीत गेलेल्या अनेक तुर्की कामगारांनी, १९७३ मध्ये भरती थांबल्यावर, परतण्याऐवजी बायकामुलांनाच तिकडे बोलावून घेतले.