न्यूरो आयसीयू: नर्सेसना पाच तारे, समजावून सांगण्याला दोन

हॉस्पिटल इंदूरचंच, खासगी. नाव देत नाही, बिलावरून त्यांच्याशी अजून बोलणी चालू आहेत. माझा मेहुणा राऊकडून येताना बायपासवर मोटरसायकलवरून पडला. हेल्मेट होतं, आरशाला लटकवलेलं.

आधी नर्सेस. दर तासाला पापणी वर करून टॉर्च मारायच्या, दोन्ही बाहुल्या सारख्या आकसतात का बघायच्या, नखावर पेन दाबून तो हात ओढून घेतो का बघायच्या. घरात काय म्हणतात ते विचारून घेतलं होतं. ‘बंडूदादा, दोन बोटं दाखवा!’ असं कानाशी ओरडायच्या. मग ग्लासगो स्केलचा, म्हणजे शुद्ध किती आहे त्याचा आकडा, ३ ते १५ मधला. आमचा ६ होता, पुढे ‘टी’, कारण घशात नळी असली की बोलण्याचे गुण धरता येत नाहीत. हेही सिस्टरनंच सांगितलं.

एका पहाटे उजवी बाहुली मोठी दिसली. सिस्टरनं डॉक्टरांना उठवलं, लगेच सीटी झाला आणि कवटीचा तुकडा काढून सुजलेल्या मेंदूला जागा करून दिली. त्याच ऑपरेशनमध्ये कवटीच्या आतला दाब मोजायची तार बसवली. दाब २२ च्या वर गेला की औषध: मॅनिटॉल, नाहीतर ३ टक्क्यांचं सलाईन. पण मान एका बाजूला कलली तरी शिरेतून रक्त उतरायला अडतं आणि आकडा चढतो. सिस्टरनं डोकं सरळ केलं आणि २४ चा १९ झाला, माझ्या डोळ्यांदेखत. फुकटात!

तार मात्र फुकट नव्हती. बोलिव्हिया-इक्वाडोरमधल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०१२ साली छापून आला. त्यात तार लावलेले आणि नुसती तपासणी व सीटीवर सांभाळलेले, दोघांच्या निकालात खास फरक निघाला नाही. म्हणजे तार नको असं नाही, पण बघणारं माणूस जागं हवं. इथे ते होतं.

आता दोन ताऱ्यांचं. ‘क्रिटिकल है, कुछ कह नहीं सकते’ एवढं बोलून मोठे डॉक्टर लिफ्टमध्ये. स्टेरॉइड का देत नाही विचारलं तर कपाळाला आठ्या. शेवटी एका ज्युनिअरनं सांगितलं, की २००४ च्या मोठ्या चाचणीत डोक्याला मार लागलेल्यांत स्टेरॉइडनं मृत्यू वाढलेले दिसले, तेव्हापासून ते देत नाहीत. दोन वाक्यांचं तर काम!

कहर म्हणजे ताईला त्याच्या पोटावर टाके दिसले आणि ती हादरलीच. कवटीचं हाड पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलंय, नंतर परत बसवतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं. सही मात्र रात्री घेतली होती, सहा पानांवर.

तरी न्यायचं असेल तर न्या. प्रश्न कागदावर लिहून ठेवा आणि सकाळच्या राउंडनंतर लिफ्टपाशीच उभे राहा.