केस उपटण्याच्या त्रासावरचे समुपदेशन : रत्नागिरीतील एका केंद्राचा अनुभव

आमची तेरा वर्षांची मुलगी अभ्यासाला बसली की टाळूच्या उजव्या बाजूचे केस एकेक करून उपटत असे. त्यासाठी गेल्या पावसाळ्यापासून आम्ही तिला रत्नागिरीतील एका लहानशा खासगी समुपदेशन केंद्रात नेत आहोत. या त्रासावर कोकणात नेमकी मदत मिळते का, हे शोधणाऱ्या पालकांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

तेथील मानसशास्त्रज्ञ बाईंनी निदानाची घाई केली नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटले. गावात बहुतेकांनी ही चाई आहे असे ठरवून लसणाचा रस चोळायला सांगितले होते. बाईंनी आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. चाईत डाग सहसा गुळगुळीत असतो, तर उपटलेल्या जागी तुटलेले, कमीजास्त लांबीचे खुंट राहतात. हा फरक डॉक्टरांनी भिंग धरून आम्हालाही दाखवला. मुलगी केस गिळते का, हे बाईंनी तिला एकटीला घेऊन विचारले, कारण गिळलेल्या केसांचा पोटात गोळा होऊन शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते.

ट्रायकोटिलोमॅनिया या नावाने हा विकार १८८९ पासून वैद्यकाला ठाऊक आहे. शंभरातील एक-दोन जणांना तो असतो आणि बहुधा दहा ते तेरा या वयात सुरू होतो. उपटण्याआधी मनात ताण चढतो, केस निघाला की क्षणभर मोकळे वाटते. कधी तर हात आपसूक डोक्याकडे जातो आणि समोर केस पडलेले दिसेपर्यंत कळतही नाही. हे ऐकताना मुलीने प्रथमच मान वर करून बाईंकडे पाहिले. घरात येणारा प्रत्येक नातेवाईक तिला ‘हात खाली घे’ म्हणून दटावत होता, त्यामुळे आपल्यासारखी आणखी माणसे आहेत हे समजणे तिच्यासाठी फार मोठे होते.

उपचाराची पद्धत अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेली, सवय उलटवण्याची आहे. सुरुवातीला फक्त नोंदवही लिहायची होती : वेळ कोणती, बसलो कुठे, मनात काय होते, हात कोणता. त्या वहीतून असे दिसले की तिन्हीसांजेला खिडकीजवळच्या टेबलावर, उजवे कोपर टेकवून गणिते सोडवायच्या विचारात असताना, अंगठा आणि तर्जनी नेमका एखादा जाड, खरखरीत केस चाचपत फिरतात. मग टेबल हलवले, त्या दोन बोटांना चिकटपट्टी लावली आणि हात वर जाऊ लागला की मूठ घट्ट आवळून मिनिटभर धरायची, असा सराव सुरू झाला. बाईंनी हाताला चाळा म्हणून मण्यांची माळ दिली होती, पण मुलीला ती रुचली नाही. तिने मागीलदारी सोललेल्या नारळाचा काथ्या घेऊन तो वळायला सुरुवात केली, आणि बाईंनी माळेचा आग्रह न धरता तोच चाळा उपचारात घेतला. काथ्याचा खरखरीतपणाच तिच्या बोटांना हवा होता, हे त्यांनी लगेच ओळखले. ही लवचीकता मला कौतुकास्पद वाटते.

औषधाबद्दलही त्या स्पष्ट बोलल्या. एन-ॲसिटिलसिस्टीनचा मोठ्या माणसांना उपयोग झाल्याचे २००९ च्या एका चाचणीत दिसले होते, मात्र २०१३ मध्ये मुलांवर झालेल्या चाचणीत तसा फायदा आढळला नाही, म्हणून त्यांनी तो मार्ग सुचवला नाही.

त्रास पूर्णपणे गेलेला नाही. सहामाही परीक्षेच्या दिवसांत हात पुन्हा वळवळू लागला. तरीही उपटलेल्या जागी आता बोटभर केस आले आहेत आणि ती शाळेत रुमाल न बांधता जाते.

उणिवाही आहेत. वेळ फक्त कामाच्या दिवशी मिळते, त्यामुळे शाळा आणि एसटीचे वेळापत्रक सांभाळताना दिवस मोडतो. नोंदीचा छापील तक्ता मोठ्यांसाठी केलेला असल्याने मुलांना कंटाळवाणा होतो. पालकांशी बोलण्याचा वेळ तर फारच तोकडा आहे. मूल केस उपटताना दिसले तर घरच्यांनी नेमके काय म्हणावे, यासाठी एक स्वतंत्र भेट हवी होती.

शुल्क आमच्यासारख्यांना जड असले तरी परवडले. ज्यांना ते शक्य नाही किंवा गाव आडबाजूला आहे, त्यांना टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. पुढे कुठे जावे याची चौकशीही तेथे करावी.