सगतसिंगांच्या वाटेवर भाड्याची स्कूटर: पणजीतली दुचाकी सेवा कितपत पुरते?

पणजीत भाड्याने मिळणाऱ्या दुचाक्यांबद्दल लिहिलं जातं ते बहुतेक किनाऱ्याच्या हिशोबाने. कळंगुटला जाऊन परत यायचं असेल तर कुठलीही गाडी चालते. इथे ही सेवा वेगळ्या कामासाठी तपासली आहे. डिसेंबर १९६१ मध्ये ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० पॅराशूट ब्रिगेड ज्या वाटांनी गोव्यात शिरली, त्या वाटा एका दिवसात बघायच्या असतील तर भाड्याची स्कूटर पुरते का? पुरते, पण गाडी, करार आणि दिशा या तीन गोष्टी नीट निवडल्या तरच.

आधी वाट समजून घ्या, म्हणजे गाडीकडून काय हवं ते कळेल. गोवामुक्तीच्या मोहिमेत मुख्य काम मेजर जनरल कँडेथ यांच्या १७व्या इन्फंट्री डिव्हिजनचं होतं. उत्तरेकडून येणाऱ्या ५० पॅराला दुय्यम, मदतीची भूमिका होती. १८ डिसेंबरला ही ब्रिगेड तीन तुकड्यांनी आत आली. पूर्वेकडून २ पॅरा (मराठा) उसगावमार्गे फोंड्याकडे, मधून १ पॅरा (पंजाब) बाणस्तारीच्या दिशेने, आणि पश्चिमेकडून २ शीख लाइट इन्फंट्री रणगाड्यांसह दोडामार्गाकडून थिवीमार्गे. पश्चिमेची तुकडी त्याच दिवशी संध्याकाळी बेतीला पोचली. समोर पणजी, मध्ये मांडवी, आणि पूल नाही. मांडवीवर पणजीचा पहिला पूल झाला १९७० मध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नदी ओलांडली आणि दुय्यम काम दिलेली ब्रिगेड राजधानीत सर्वांच्या आधी शिरली. पणजीत शिरताना लोखंडी शिरस्त्राणं काढून पॅराशूट रेजिमेंटची मरून बेरे टोपी घाला, हा हुकूम सगतसिंगांचाच.

त्या टोपीची किंमत त्यांना ठाऊक होती. ते मूळचे बिकानेर संस्थानाच्या गंगा रिसाल्यातले, म्हणजे उंटदळातले, पुढे ३ गोरखा रायफल्समधले. पॅराशूट ब्रिगेड मिळाली तेव्हा ते छत्रीधारी सैनिक नव्हते. चाळिशी ओलांडलेली असताना त्यांनी विमानातून उड्या मारण्याचं प्रशिक्षण पुरं केलं आणि मग ती टोपी घातली.

आता गाडी. ही फेरी पणजी, जुनं गोवं, बाणस्तारी, फोंडा, खांडेपार, उसगाव, साखळी, डिचोली, दोडामार्गाची हद्द, अस्नोडा, थिवी, म्हापसा, बेती आणि फेरीबोटीने परत पणजी अशी सुमारे १२० किलोमीटरची होते. ११० सीसीची ॲक्टिव्हा यासाठी पुरेशी आहे. एकटा माणूस असेल तर तीच घ्या. मागे कोणी बसणार असेल तर १२५ सीसी बरी, कारण साखळी ते उसगाव पट्ट्यात चढउतार आहेत आणि ट्रकला ओलांडताना ११० सीसीला दम पुरत नाही. ३५० सीसीची बुलेट लोक हौसेने घेतात. भाडं दुपटीच्याही वर जातं आणि फेरीबोटीच्या उतरणीवर, ओल्या लोखंडी फळीवर ती जड गाडी सांभाळणं नवख्याला अवघड जातं. या वाटेला बुलेटची गरज नाही.

गाडी ताब्यात घेताना पुढचं तपासा. नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी हवीत. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी स्वस्तात दिली जाते, पण ती भाड्याने देणं बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि सगळा खर्च चालवणाऱ्याच्या डोक्यावर येतो. आरसी, विमा, पीयूसी आणि परमिट यांच्या प्रती डिकीत आहेत का ते उघडून बघा. चारही बाजूंनी चालू व्हिडिओ काढा, आरशांचे दांडे आणि सायलेन्सरचं कव्हर विसरू नका. परत देताना वाद होतो तो याच दोन जागांवरून. टायरची हवा पंपावर मोजून घ्या. ॲक्टिव्हाला पुढे २२ पीएसआय, मागे २९, दोघं असाल तर मागे ३६. भाड्याच्या गाड्यांत मागचा टायर हमखास कमी हवेचा असतो, आणि मागचं चाक दहाच इंचांचं असल्याने खड्ड्यात रिम वाकतो. तो वाकलेला रिम मग अनामतीतून कापला जातो.

गाडी जवळपास रिकाम्या टाकीने देतात ही तक्रार खरी आहे. बहुतेक ठिकाणी गाडी काटा तळाला टेकलेल्या अवस्थेत मिळते. टाकी साधारण पाच लिटरची असते आणि या फेरीला तीन लिटर पुरतं. पणजीतून निघतानाच भरा. फोंडा, साखळी, डिचोली, म्हापसा इथे पंप आहेत, मात्र डिचोलीहून हद्दीकडे वळल्यावर भरवसा ठेवू नका.

हेल्मेट ही या सेवेची सर्वांत लंगडी बाजू. दोन मिळतात खरी, पण आतला फोम बसलेला, पट्ट्याची कडी सैल आणि काच ओरखडलेली. खाणपट्ट्यात काच नसलेलं हेल्मेट घेऊन जाणं म्हणजे डोळ्यांत लाल धूळ घेणं. शक्य असेल तर हेल्मेट स्वतःचं आणा.

करारातली एक अट या वाटेसाठी निर्णायक आहे. जवळपास सगळे करार गाडी गोव्याबाहेर नेऊ देत नाहीत, आणि दोडामार्ग गाव महाराष्ट्रात, सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. हद्द ओलांडलीत तर अनामत गेली आणि विम्याचाही प्रश्न उभा राहतो. म्हणून गोव्याच्या बाजूच्या तपासनाक्यापाशी थांबून वळा. पश्चिमेच्या तुकडीची सुरुवात तिथूनही नीट समजते. मागे सह्याद्रीची रांग, पुढे नारळी-पोफळीतून उतरत जाणारा अरुंद रस्ता. रणगाडे या रस्त्याने आले असतील तर बाजूला पसरायला जागा नव्हती, हे गाडीच्या काचेतून जाणवत नाही. दुचाकीवर बसल्याबरोबर जाणवतं. टॅक्सीपेक्षा स्कूटर घ्या म्हणण्याचं हे पहिलं कारण.

दिशा महत्त्वाची. पूर्वेचा भाग सकाळी उलटा करा, म्हणजे जुनं गोवं, बाणस्तारी, फोंडा. सकाळी आठच्या आत निघालात तर फोंड्याच्या रस्त्यावरची कारखान्यांची गर्दी चुकते. बाणस्तारीच्या पुलावर गाडी थांबवू नका, पूल ओलांडून बाजाराच्या बाजूला लावा आणि चालत मागे या. खालचं पाणी म्हणजे कुंभारजुव्याचा कालवा. माघार घेताना पोर्तुगिजांनी पूल उडवत नेले, त्याचा अर्थ इथे कळतो. गोव्यात दर दहा-पंधरा किलोमीटरवर पाणी आडवं येतं, म्हणून पूल तुटला की चालून जाणारी पलटण आणि तोफा ओढणारी गाडी यांची फारकत होते. खांडेपारला आणि उसगावला तेच. सगतसिंगांच्या पलटणी जड सामानाची वाट बघत बसल्या नाहीत, हेच त्यांच्या वेगाचं मूळ.

उसगाव ते डिचोली हा पट्टा सर्वांत त्रासाचा. खनिजाचे ट्रक चालू असतील तर धुळीमुळे पुढचं दिसत नाही आणि पाऊस पडून गेला असेल तर तीच धूळ साबणासारखी होते. पुढचा ब्रेक एकटा दाबू नका. या भागाला दीड तास धरा. साखळीत भाजीपाव आणि चहा घेऊन मग पुढे निघा.

डिचोलीहून हद्दीपर्यंत आणि तिथून अस्नोडा, थिवी, म्हापसा हा पश्चिमेचा भाग तुकडी आली त्याच दिशेने करा. म्हापशापर्यंत रस्ता निवांत आहे, पर्वरीला मात्र गर्दी गाठते. एक चूक टाळा. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे नकाशाने तिकडे वळवलं तरी ऐकू नका. पर्वरीची उतरण उतरून बेतीच्या धक्क्याकडे वळा. संध्याकाळी पाचला तिथे पोचाल असा बेत ठेवा.

भाड्याने गाडी देणारे यातलं काही सांगणार नाहीत. त्यांच्याकडे किनाऱ्याचा नकाशा मिळतो, या वाटेचा नाही. त्यांच्या सेवेला गाडीच्या स्थितीसाठी पाचपैकी साडेतीन, कागदपत्रांसाठी चार, हेल्मेटसाठी दीड गुण देता येतील. भाड्याच्या तुलनेत मिळतं ते भरपूर आहे. कदंबच्या सरकारी बसने हीच फेरी दोन दिवस खाते आणि बाणस्तारीसारखी मधली ठिकाणं सुटतात.

बेतीला फेरीबोटीची वाट बघत दहा मिनिटं उभं राहावं लागतं, ती वाया घालवू नका. सगतसिंग पुढे गोवामुक्तीतल्याच त्या १७व्या डिव्हिजनचे प्रमुख झाले, तेव्हा ती माउंटन डिव्हिजन झाली होती, आणि सप्टेंबर १९६७ मध्ये सिक्कीममधल्या नथू ला खिंडीत चिन्यांसमोर ठाम उभी राहिली. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, चौथ्या कोअरचे प्रमुख म्हणून त्यांच्यापुढे मेघना नदी आली. आशुगंजचा पूल शत्रूने उडवला होता. त्यांनी एमआय-४ हेलिकॉप्टरांतून माणसं पलीकडे उतरवली आणि ढाक्याची वाट उघडली. गोव्यात त्यांच्या हाताखाली असलेल्या १ पॅरा आणि २ पॅरा या दोन्ही पलटणी पुढे स्पेशल फोर्सेस झाल्या, त्यातली १ पॅरा १९७८ मध्येच.

फेरीबोटीत चढताना सगळ्यात शेवटी चढा, म्हणजे उतरताना पहिले उतराल. इंजिन बंद, गाडी मधल्या स्टँडवर, हँडल वळवून लॉक. बोटीला बाजूने पाणी लागतं तेव्हा एका बाजूच्या स्टँडवरची गाडी कलंडते. मग कठड्यापाशी उभं राहून समोर बघा. पाण्यापलीकडे पणजीचा धक्का दिसतो, हाकेच्या अंतरावर.