रामझुल्यावर कासव लागणारा लोडर: दीड वर्षाचा अनुभव

गाडीचं आणि शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण कंपनीशी माझी लेखी तडजोड झाली आहे. पण तीनचाकी इलेक्ट्रिक लोडर घ्यायला निघालेल्या प्रत्येक भावाने हे वाचून मगच बुकिंगचे पैसे भरावेत.

मी नागपूरच्या कळमना मार्केटमधून संत्री, मोसंबी उचलतो आणि सीताबर्डी, धरमपेठ, गोकुळपेठच्या फळवाल्यांना पोचवतो. गाडी मीच चालवतो. सकाळी क्रेट चढवायला धाकटा भाऊ सोबत असतो. आधीचा डिझेल लोडर अकरा वर्षं चालवला. डिझेलचा खर्च परवडेना म्हणून 2023 च्या दसऱ्याला हिरव्या पाटीची नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली. ऑन-रोड 4,12,000 रुपये पडले. त्यातले 90,000 घरचे, बाकीचं कर्ज. हप्ता 10,850. पूर्व नागपूरच्या आरटीओत पासिंग झालं, बायकोने गाडीला हळद-कुंकू वाहिलं, आणि पहिले वीस दिवस गाडी खरंच छान चालली. आवाज नाही, धूर नाही, संध्याकाळी खांदे भरून येत नाहीत. जे चांगलं आहे ते मी चांगलंच म्हणणार.

दिवाळी झाली आणि आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या संत्र्याचा, माल जोरात सुरू झाला. एका सकाळी 22 क्रेट घेऊन सेंट्रल एव्हेन्यूने निघालो. मेयो हॉस्पिटल मागे टाकून रामझुल्यावर, म्हणजे रेल्वे लाइनीवरच्या उड्डाणपुलावर, चढलो तर डायलवर पिवळं कासव आलं. ज्यांनी ही गाडी चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, कासव आलं की गाडी स्वतःची ताकद कापते. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला तरी ताशी आठ-दहाच्या वर जात नाही. बॅटरी तेव्हा 71 टक्के दाखवत होती. मागे सिटीबस हॉर्न देतेय, बाजूने मोटरसायकली सुसाट जाताहेत आणि माझी गाडी पुलाच्या चढावर रांगतेय. त्या दिवशी जयस्तंभ चौकाकडे उतरेपर्यंत माझे हात घामाने ओले झाले होते.

सर्व्हिस सेंटरला गेलो. ॲडव्हायझर पोरगा वागायला चांगला होता. लॅपटॉप जोडून म्हणाला, "भाऊ, गाडी त बरोबर हाय. कोणताच एरर नाही दाखवून राह्यली." घंटाभरात गाडी परत. चौथ्या दिवशी पुन्हा कासव. असं करत जूनपर्यंत सात वेळा गाडी तिथे लागली. एकदा बॅटरी काढून नऊ दिवस ठेवून घेतली, तेव्हा मी भाड्याच्या गाडीने माल पोचवला. मे महिन्यात तर दुपारी बारानंतर गाडी काढायची हिंमतच होत नव्हती. एका चार्जिंगमध्ये 110 किलोमीटर असं माहितीपत्रकावर छापलं होतं. मला मालासकट 50-55 च्या वर कधी मिळाले नाहीत.

आता जॉबकार्डाबद्दल, म्हणजे गाडी सर्व्हिसला लावताना तक्रार लिहून घेतात त्या कागदाबद्दल, कारण माझी सगळी लढाई त्या कागदावर उभी राहिली. पहिल्या दोन जॉबकार्डांवर तक्रारीच्या रकान्यात पोराने फक्त "जनरल चेकअप" लिहिलं होतं आणि मी खाली सही करून मोकळा झालो होतो. आमच्या गल्लीत ग्राहक पंचायतीत काम केलेले एक काका राहतात. त्यांनी ती दोन कार्डं पाहिली आणि डोक्याला हात लावला. म्हणाले, "अरे, तू लिहून दिलंस की गाडी नुसती तपासायला आणली होती! बंद पडली हे कुठे आहे यात?" तिसऱ्या खेपेला मी काउंटरवरच उभा राहिलो. म्हटलं, माझ्या शब्दांत लिहा: "चढावर मालासकट ताकद जाते, कासवाची खूण येते, बॅटरी 68 टक्के, किलोमीटर 4,312." पोरगा म्हणाला, सिस्टिममध्ये एवढं लिहिता येत नाही. मग पेनने लिहा म्हटलं. त्याने लिहिलं, मी फोटो काढला आणि त्यानंतरच गाडीची चावी दिली. गाडी परत घेताना "समाधानी आहे" या ओळीखाली सही करायला सांगतात. तिथे मी दर वेळी "दोष कायम आहे" असं लिहून तारीख टाकली.

शोरूमच्या मॅनेजरचं एकच पालुपद होतं, "लोड जास्त टाकता तुम्ही." हे मला फार लागलं. म्हणून दहा दिवस मी कळमन्याच्या धरमकाट्यावर गाडी आधी रिकामी तोलली, मग भरलेली, आणि पावत्या जपल्या. माल कधी 460 किलो भरला, कधी 475. कंपनीनेच गाडीची क्षमता 500 किलो सांगितली आहे. पावतीची किंमत चिल्लर, पण पुढे त्या दहा चिठ्ठ्यांनी कंपनीच्या वकिलाचा सगळ्यात मोठा मुद्दा खोडून काढला.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही फोन केला. ते मराठीत बोलतात आणि तक्रार कंपनीकडे पाठवतात, पण कंपनीवर हुकूम चालवायचा अधिकार त्यांना नाही. कंपनीने उत्तर दिलं, "गाडी मानकांप्रमाणे आहे." मग जूनमध्ये शोरूम आणि कंपनी दोघांना रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडली. दोघांना धाडणं गरजेचं होतं. नाहीतर शोरूम म्हणतं दोष बनावटीत आहे, कंपनी म्हणते आमचा डीलर स्वतंत्र आहे, आणि आपण मधल्या मध्ये लटकतो. ऑगस्ट 2024 मध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. तेव्हा ई-दाखिल या सरकारी वेबसाइटवरून केली होती, 1 जानेवारी 2025 पासून ते काम ई-जागृतीवर आलं. फी शून्य लागली, कारण वस्तूपोटी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. 50 लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्ह्यातच चालतात, आणि कंपनीचं ऑफिस पुण्यात असो की चेन्नईत, आपण राहतो तिथे तक्रार करता येते. राहतो तिथे तक्रार करायची ही सोय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिली. तक्रार दाखल करायची दोन वर्षांची मुदत मात्र विसरू नका. फुकट दुरुस्तीच्या आशेवर ती निघून जाते.

कंपनीच्या लेखी उत्तरातला पहिलाच मुद्दा वाचून मी रात्रभर जागा होतो. त्यांचं म्हणणं, तक्रारदाराने गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून तो कायद्याने "ग्राहक"च नाही. म्हणजे चार लाख मोजून, घाम गाळून, मी गिऱ्हाईकही नाही! काकांनी कायद्याचं कलम 2(7) उघडून दाखवलं. नफ्याच्या व्यापारासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं, पण खाली खुलासा आहे: स्वतः कष्ट करून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू "व्यावसायिक" धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात तर ऑटोरिक्षाचंच उदाहरण दिलं. स्वतः चालवून पोट भरणारा रिक्षावाला ग्राहक आहे, ट्रक स्वतः चालवणाराही ग्राहक आहे. घरचे लोक किंवा एकदोन माणसं हाताशी असली म्हणून ते बदलत नाही. गाड्या घेऊन दुसऱ्यांकडून चालवून घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. मी माझं लायसन्स, बँकेचं पासबुक आणि "माझ्याकडे दुसरी गाडी नाही, ड्रायव्हर नाही, घर यावरच चालतं" असं प्रतिज्ञापत्र लावलं. त्या मुद्द्यावर पुढे कंपनीने जोर लावला नाही. माझ्यासारखे किती जण पहिल्याच पानावर घाबरून परत फिरले असतील या विचाराने आजही जीव जळतो. ऑटोवाले, टेम्पोवाले, पाणीपुरीची गाडी ओढणारे, सगळ्यांनी हा खुलासा पाठ करून ठेवावा.

कायद्यात "दोष" या शब्दाचा अर्थही आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे. विकणाऱ्याने जे सांगितलं त्यात कमी पडलं तरी तो दोषच. म्हणून 110 किलोमीटरचं माहितीपत्रक मी जोडलं. सेल्समनच्या तोंडी बोलण्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता, छापील कागदाचा होता.

तज्ज्ञाकडून गाडीची तपासणी करावी असा अर्ज मी केला आणि त्यानंतर कंपनीचा सूर बदलला. आयोगापुढे मध्यस्थीची सोय असते, दोघांनी लेखी होकार दिला की प्रकरण तिकडे जातं. फेब्रुवारी 2025 मध्ये बसलो. मला गाडीच बदलून हवी होती. पण काकांनी आधीच समजावलं होतं की एखादा भाग बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलून द्यायला न्यायालयं सहज तयार होत नाहीत, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कारच्या प्रकरणात तसाच निकाल दिला आहे. शेवटी ठरलं की कंपनी गाडी परत घेईल आणि 3,60,000 देईल. त्यातले 1,86,000 फायनान्स कंपनीला गेले, कर्ज मिटलं, 1,74,000 माझ्या हातात आले. दीड वर्षाचं व्याज, विमा, बुडालेली भाडी यातलं काही भरून निघालं नाही. तरीही मी सही केली, कारण संत्र्याचा मृग बहार चालू होता आणि मला गाडी हवी होती. केस चालू असताना एकही हप्ता थांबवला नाही, हे नीट ऐका. कर्ज देणारा वेगळा, भांडण वेगळं. हप्ता चुकला असता तर गाडी फायनान्सवाल्यांनी उचलली असती आणि तपासायला काहीच उरलं नसतं.

आता माझे तारे. गाडीला पाचपैकी दीड, तोही शांत मोटर आणि डिझेलच्या वाचलेल्या पैशासाठी. शोरूमला एक, तो त्या ॲडव्हायझर पोराचा, ज्याने मॅनेजरची नाराजी पत्करून माझी तक्रार पेनने लिहिली. सर्व्हिसला शून्य. तक्रारीच्या वाटेला चार. वकील न घेता मी स्वतः उभा राहिलो, मराठीत बोललो आणि माझं ऐकून घेतलं गेलं.

एप्रिलमध्ये दुसऱ्या कंपनीचा जुना डिझेल लोडर घेतला. व्यवहार करण्याआधी मालकाला घेऊन 22 क्रेट भरले आणि रामझुला दोनदा चढवून पाहिला, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी दोनच्या उन्हात. मालक वैतागला, पण सोबत आला. सात जॉबकार्डं, दहा काटापावत्या आणि नोटिसीच्या पोचपावत्या बायकोने एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवल्या आहेत. मागच्या आठवड्यात पारडीचा एक पोरगा बॅटरी रिक्षाचं जॉबकार्ड घेऊन घरी आला होता. त्यावरही "जनरल चेकअप"च लिहिलं होतं. त्याला पिशवीतलं तिसरं कार्ड दाखवलं.